वरून मोजलेल्या बाया

आवाज एकदम बसला. विमान उतरताना त्याचा आवाज कमी होतो हे आम्हाला माहीत होतं, रोज ऐकून कान तयार झाले होते. पण त्या दिवशी तो कमी झाला नाही, बसला. मी मान वर केली तर विमान धुऱ्यावरच्या, म्हणजे वावराच्या बांधावरच्या, बाभळीला लागेल इतकं खाली आलेलं, एक पंख वर, एक खाली, आणि नाक आभाळाकडे. माझ्या मागे उभ्या तुरीत वच्छला होती. ती दिसत नव्हती. त्या वर्षी तूर माणसापेक्षा उंच होती.

"वच्छे, पळ! पळ वं!" मी ओरडले.

शांता आणि तिची सून माझ्यासोबत सोंगलेल्या, कापून झालेल्या भागात होत्या. त्या धुऱ्याकडे पळाल्या. मी पळाले नाही. माझे गुडघे मला पळू देत नाहीत. हातात विळा धरून उभी राहिले. विमान माझ्या बाजूने गेलं आणि उभ्या तुरीत शिरलं. मोठा आवाज झाला नाही. कोणी लाकडी फडताळ जमिनीवर आडवं पाडावं तसा झाला.

विमानात दोघं होते. एक दिलीप, माझ्या दिराचा मुलगा. तो विमान शिकवायचा. दुसरी रेवती, त्याच्याकडे शिकणारी पोरगी. आणि तुरीत वच्छला. तिघंही त्या धुळीत गेले आणि धूळ बसेपर्यंत मला तिघांपैकी कोणीच दिसलं नाही.

यंदा तूर पुन्हा तशीच उंच आली आहे.

पाऊस वेळेवर थांबला, फुलगळ झाली नाही. पौष लागला की पानं पिवळी पडून गळतात आणि झाडाला नुसत्या शेंगा राहतात. दव असतं तोवर सोंगायची. ऊन चढलं की शेंग तडकते आणि दाणा भेगेत जातो. काळ्या मातीच्या भेगेत गेलेला दाणा हाती लागत नाही. सकाळी विळ्याची मूठ इतकी गार असते की बोटं मिटत नाहीत, आणि जेवणवेळेला ऊन पाठ भाजतं. तुरीची बारीक लव मानेला चिकटते, मग दिवसभर खाजवत राहायचं. बाजूच्या वावरात हरभरा असला तर त्याच्या पानांवरच्या आंबट दवाने, आंबेने, लुगड्याचा काठ ओला होतो आणि पायाला चुणचुणतं. हे सगळं मला आवडतं असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या कोणत्याच हंगामाची मला इतकी सवय नाही.

आता मी सोंगत नाही. धुऱ्यावर बसते. सोंगायला मेळघाटाकडून टोळी येते. नवरा-बायको, भाऊ-भावजय असे मिळून येतात, त्यांच्या बोलीत बोलतात, हसतात. काम चांगलं करतात. माझ्याशी बोलायचं त्यांना काही कारण नाही. मी पाण्याची कॅन भरून ठेवते, त्यांच्या चहासाठी गूळ देते आणि बसते. दुपारपर्यंत माझ्या तोंडातून एक शब्द निघत नाही. कधी कधी घरी गेल्यावर मांजरीला हाकलते, तो दिवसाचा पहिला शब्द.

विमानं अजूनही येतात. आमचं गाव अमरावती आणि अकोल्याच्या मधे, रस्त्यापासून आत आहे. गावामागे धावपट्टी आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथं शेळ्या चरायच्या आणि पोरं सायकल शिकायची. मग तारेचं कुंपण झालं, विमान शिकवायची शाळा आली. लहान विमानं, दोन माणसं बसतील एवढी. उडायचं, गोल फिरायचं, खाली येऊन चाकं टेकवायची आणि परत उडायचं. एकच गोष्ट दिवसभर. धावपट्टीचं एक टोक आमच्या वावराकडे येतं, म्हणून उतरणारं प्रत्येक विमान आमच्या डोक्यावरून जातं. पहिले काही महिने गावातले लोक माना वर करायचे. पुढे म्हशीही पाहीनाशा झाल्या.

वच्छला आमच्या गल्लीत समोर राहायची. माझ्या मागोमाग दोन वर्षांनी ती गावात सून म्हणून आली. तिचा नवरा लवकर गेला, माझा नंतर. तिला एक मुलगी, ती मोर्शीला दिलेली. मला मूल नाही. वच्छला बोलायची. सोंगणीत, निंदणात, कापूस वेचताना, नळावर, मयतीतसुद्धा ती बोलायची. मोर्शीच्या व्याह्याच्या संत्र्याच्या बागेपासून सुरू करायची आणि कुठंही जायची. ती बोलते आणि मी ऐकते असं लोकांना वाटायचं. मी ऐकत नव्हते. तिच्या बोलण्यावर माझा हात चालायचा, एवढंच. तिचं बोलणं थांबलं की माझा विळा थांबायचा.

"वयनी, ऐकून राह्यली काय?"

"नाई."

"मंग पह्यल्यापासून सांगते."

आणि ती खरंच पहिल्यापासून सांगायची.

आमच्याकडे शेतमालकाची एक रीत आहे. वावरात आलं की तो आधी पीक पाहत नाही, बाया मोजतो. माझे सासरे सकाळी धुऱ्यावर उभे राहून मोजायचे. राम राम त्यानंतर. एक डोकं कमी दिसलं की विचारायचे, "ते कुठी गेली?" पाणी प्यायला गेली असेल, लेकराला पाजायला गेली असेल, आडोशाला गेली असेल. ती परत दिसेपर्यंत त्यांचा जीव थाऱ्यावर नसायचा. माझा दीरही तसाच. आम्हा बायांना त्याचा राग यायचा. आपण म्हणजे काय शेळ्या आहोत?

दिलीपची आई तो लहान असताना गेली. तो माझ्या घरात मोठा झाला. हुशार होता, शिकत गेला, विमानाकडे वळला. बाहेर नोकऱ्या करून शेवटी इथल्याच धावपट्टीवर शिकवायला आला, कारण त्याची बायको अकोल्याला शाळेत शिक्षिका आहे. रविवारी तो अकोल्याला जायचा, बाकी दिवस इथं. दीर गेल्यावर वावर त्याचं आणि माझं, एकत्र. पाहायची मी. तो विमान उतरवून झाल्यावर मला फोन करायचा.

"काकू, आज तीनच बाया काहून?"

"तुले कोनं सांगतलं?"

"वरून दिसलं नं."

"वरून दिसते काय? मंग चहा बी वरूनच पेत जा."

वच्छलाने माझ्या हातातून फोन ओढला. "दिलीप, माह्या डोक्यावरचा रुमाल कोन्या रंगाचा होता सांग बरं."

"पिवळा, मावशी."

"अवं माय! खरंच दिसते वं या पोट्ट्याले!"

दुसऱ्या दिवसापासून विमान आलं की ती विळा वर करून हलवायची आणि ओरडायची, "आला वं मालक! वाका, वाका!" शांताची सून पोट धरून हसायची. मीही हसायची. सासऱ्याने मोजलं तर राग यायचा आणि पोराने आभाळातून मोजलं तर हसू यायचं, असं ते होतं.

रेवती साताऱ्याकडची. वसतिगृहातलं जेवण तिच्या घशाखाली उतरत नव्हतं, म्हणून दिलीप तिला आणि एखाद्या दुसऱ्या पोराला कधी घरी घेऊन यायचा. पहिल्यांदा आली तेव्हा मी ओल्या तुरीच्या दाण्यांचा सोलेभात केला होता. तिने तीनदा वाढून घेतला. आमचं बोलणं ऐकून तिला आधी वाटायचं की आम्ही भांडतोय. वच्छला तिला म्हणाली, "खाय वं पोट्टी, हाडं दिसून राह्यले तुहे," तर ती गप्पच झाली. मग सवय झाली.

एकदा जेवताना वच्छलाने तिला विचारलं, "अन् विमानात बसून तुमी दोघं काय बोलता?"

"वर गेल्यावर बोलतो, आजी. पण उतरताना नाही. उतरायच्या वेळी फक्त कामाचं बोलायचं. नियमच आहे."

"एकबी शब्द नाई?"

"नाही."

"मंग मले नाई जमणार बाप्पा तुमचं विमान. मी तं जास्तच बोलते."

सगळे हसले. दिलीपही रंगात आला. तो सांगू लागला की विमान आभाळातून पडत नाही, घात होतो तो उतरताना. एक पोरगा उतरत होता आणि कुंपणाशी त्याचे वडील पेढ्यांचा पुडा घेऊन उभे दिसले. तो त्यांच्याकडे पाहत राहिला, विमान जमिनीवर आपटलं आणि पुढचं चाक मोडलं. दुसऱ्याचा पेन पायाखाली घरंगळला, तो उचलायला वाकला आणि विमान पट्टी सोडून गवतात. कोणाला काही लागलं नाही, म्हणून ते हसून सांगता येत होतं. "घर आलं असं वाटते नं काकू, तिथंच नजर हालते," तो म्हणाला.

ते मला पटलं. सोंगताना विळा बोटाला लागतो तो सकाळी नाही लागत. शेवटच्या ओळीत लागतो. हात तुरीत आणि मन चुलीपाशी गेलेलं असतं. शांताच्या सुनेचं बोट असंच कापलं होतं, दहा-बारा झाडं राहिली असताना.

मग रेवती सहज म्हणाली, "सर मात्र उतरताना बोलतात हं आजी. आम्हाला नियम शिकवतात आणि स्वतः म्हणतात, बघ, आमच्या काकूंची तूर आली. आज किती जणी आहेत बघ."

दिलीप ताटात पाहून हसला. मला हसू आलं नाही.

"वावराकडे पाहाले मी हाये," मी म्हणाले. "तू तुह्यासमोर पाह्य."

"काकू, किती वर्सं झाले उतरवून राह्यलो. डोळे झाकून उतरीन."

"मी आंधळ्याच्या मागं बसणार नाई," वच्छला म्हणाली, आणि विषय तिच्या व्याह्याच्या मोतीबिंदूवर गेला.

असं बोलणं झालं होतं. कोणाला माहीत नव्हतं असं नाही. पोरीला खटकलं होतं, मी तोंडावर बोलले होते, त्याने ऐकून घेतलं होतं. घरात शंभर गोष्टी अशा बोलल्या जातात आणि भांडी घासली की संपतात.

नंतर मोठ्या शहरातून दोन साहेब चौकशीला आले. पांढरे सदरे, पायात बूट, काळ्या मातीत ते बूट भेगेत अडकत होते. सोबत मराठी बोलणारा एक माणूस होता. त्यांनी वावर मोजलं, फोटो काढले, शांताला विचारलं, मग मला.

"तुम्ही बायका विमानाकडे पाहून हात हलवत होतात का?"

"कधी कधी."

"त्या दिवशी? त्या बाईंनी हात हलवला होता का?"

"वच्छला आडोशाले गेली होती," मी म्हणाले. "लघवीले बसलेली बाई हात हालवते काय?"

मराठी बोलणाऱ्याने ते साहेबाला कसं सांगितलं मला माहीत नाही. साहेबाने पुढे विचारलं नाही. गावातही लोक म्हणत होते की बायांनी हात हलवला म्हणून विमान पडलं. जो म्हणाला त्याला मी त्याच्या दारात जाऊन हेच सांगितलं. वावरात बाईमाणसाला उभ्या तुरीशिवाय आडोसा नसतो. ती तिथं गेली यात तिचं काही चुकलं नव्हतं.

दिलीपचं उडणं बंद झालं. एक पाय आखूड झाला, काठी घेऊन चालतो. आता अकोल्यालाच असतो. रविवारी फोन करतो.

"तूर कशी हाये, काकू?"

"बरी हाये."

"सोंगणी लागली काय?"

"लागली."

एवढंच. किती माणसं आली ते तो विचारत नाही. मी सांगत नाही. मग दोघंही फोन धरून बसतो, त्याच्याकडे टीव्ही चालू असतो तो ऐकू येतो, आणि कोणीतरी "ठेवतो" म्हणतं. मी त्याला शिव्या दिल्या नाहीत. त्याच्या पाठीवरून हातही फिरवला नाही. दिवाळीला आला होता. वावर पाहायला चल म्हणाले तर आला, पण धुऱ्यावर वावराकडे पाठ करून बसला आणि रस्त्यावरच्या बस पाहत राहिला. त्याला मी वाढवलं आहे. तो काय पाहू शकत नाही ते मला सांगावं लागत नाही.

वच्छलाची मुलगी मोर्शीहून वर्षातून एकदा येते, घर उघडून झाडते. आमच्या दारावरून जाते, आत येत नाही. बरोबर आहे तिचं. मी तिच्या जागी असते तर मीही आले नसते.

रेवतीच्या कपाळावर टाके पडले होते, हात मोडला होता. तिचे आईवडील तिला घेऊन गेले. मला वाटलं, सुटली. पुढच्या वर्षी तिचा फोन आला. दुसऱ्या कुठल्या शाळेत परत उडायला लागली होती.

"आजी, रागावलात?"

"काहून?"

"मी परत उडतेय म्हणून."

"शिकली हायेस तं उड."

ती म्हणाली, "आता उतरताना माझ्या शेजारी कोणी बोललं तर मी त्यांना गप्प बसा म्हणते. मोठे असले तरी."

"बरं करतेस," मी म्हणाले. त्यानंतर तिचा फोन नाही. तिला कामं असतील.

मी धुऱ्यावर बसते तेव्हा विमान डोक्यावरून जातं. आत बसलेल्याला वरून काय दिसत असेल याचा मी विचार करते. डोकी दिसत असतील. रुमाल दिसत असतील. कोण बोलतं आणि कोण ऐकत नाही, हे तर दिसत नाही. दिलीपचं वावरावर प्रेम होतं, त्यात वाईट काय? सासऱ्यांना एक बाई दिसली नाही की त्यांचा जीव वर-खाली व्हायचा, तेच रक्त. पण सासरे धुऱ्यावर उभे असायचे. त्यांचे पाय जमिनीवर होते. त्यांनी हवा तितका वेळ शोधावं, धुरा काही कोसळत नाही. ज्याच्या हातात विमान आहे त्याला दुसऱ्याची काळजी करायलाही वेळ नसतो, हे मला म्हातारपणी कळलं, आणि कळून उपयोग काही नाही.

टोळीतली एक बाई परवा सोंगता सोंगता उभ्या तुरीत गेली. मी नको नको म्हणत असतानाही मोजायला लागले. ती परत येईपर्यंत मी धुऱ्यावर उभी राहिले. ती आली, मला पाहून हसली, विळा उचलला. तिला काय सांगणार?

त्या दिवशी धूळ बसायला वेळ लागला. मी चालत गेले. सोंगलेल्या तुरीची धसकटं विळ्याने तिरपी कापलेली असतात, चपलेतून आत शिरतात. एक टाचेत गेलं, ते मला संध्याकाळी कळलं. पेट्रोलचा वास येत होता, आणि त्यात चिरडलेल्या तुरीचा. विमान एका कुशीवर पडलं होतं, तुरीचा एक पट्टा आडवा करून. रेवती दार ढकलून बाहेर आली, एका हातावर आणि गुडघ्यांवर रांगत, तोंड रक्ताने भरलेलं. मला म्हणाली, "आजी, सर आत आहेत." शांता मागून आली, तिने पोरीला लांब ओढलं. दिलीप आत अडकला होता. पाय दुमडला होता, पण शुद्धीवर होता.

मी त्याला लागलं का विचारलं नाही. मी विचारलं, "वच्छला कुठी हाये?"

त्याचे ओठ पांढरे झाले होते.

"मले तीनच दिसल्या, काकू," तो म्हणाला. "म्हणून रेवतीले म्हटलं, तिकून पाह्य बरं, मावशी कुठी हाये. आमी दोघंबी तिलेच पाहून राह्यलो होतो."

मी पंखाच्या पलीकडे गेले. तिथं ती होती. मी तिचं लुगडं नीट केलं, आणि लोक येईपर्यंत तिच्याजवळ बसले.

दिलीप जगला. रेवती जगली. वावरात आम्ही चौघी होतो, त्यातल्या तिघी जगलो.